डोमेन विकत घेण्याआधी त्यावर माणसं येतात का, हे मी कसं पाहतो

"पाच दिवसांसाठी नाव घ्यायचं, ट्रॅफिक दिसला तर ठेवायचं, नाही दिसला तर सोडून पैसे परत घ्यायचे, हे अजून जमतं का?" डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या नावांच्या, व्यवहारात नव्याने उतरलेल्या जवळपास प्रत्येकाच्या मनात हा प्रश्न असतो. माझ्याही होता. त्या पद्धतीला 'डोमेन टेस्टिंग' म्हणायचे. हे टेस्टिंग चव घेण्याचं, तपासणीचं नव्हे. मराठीत दोन्ही शब्द सारखेच लिहिले जातात, त्यामुळे नवीन माणसाचा हमखास गोंधळ होतो.

डॉट कॉमसारख्या नावांना नोंदणीनंतर पाच दिवसांची 'ॲड ग्रेस पीरियड' नावाची सवलत असते. स्पेलिंग चुकलं, पैसे भरण्यात घोळ झाला, तर रजिस्ट्रारने, म्हणजे आपल्याला नाव विकणाऱ्या कंपनीने, या मुदतीत नाव रद्द करायचं आणि रजिस्ट्रीने, म्हणजे त्या नावांची मूळ नोंदवही सांभाळणाऱ्या संस्थेने, त्याचे पैसे परत द्यायचे, हा तिचा हेतू. काही रजिस्ट्रारांनी मात्र लाखो नावं उचलायची, त्यांवर जाहिरातींची पानं लावायची आणि पाच दिवसांत जी नावं नोंदणीचा खर्च भरून काढण्याइतकी चालली नाहीत ती सोडून द्यायची, असा उद्योगच मांडला. काहीजण तर मुदत संपता संपता नाव सोडून लगेच पुन्हा घ्यायचे. त्याला 'काइटिंग' म्हणत. डोमेन नावांचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेने २००८ मध्ये आधी अशा अतिरिक्त रद्द नावांवर प्रत्येकी २० सेंट शुल्क लावलं. एप्रिल २००९ पासून नियम आणखी कडक झाला. महिन्याच्या निव्वळ नव्या नोंदणीच्या १० टक्के किंवा ५० नावं, यांतलं जे जास्त असेल, त्यापलीकडे रद्द केलेल्या नावांचे पैसे रजिस्ट्रारला परत मिळत नाहीत. त्यानंतर अशी रद्द होणारी नावं ९९.७ टक्क्यांनी घटल्याचं आयकॅननेच सांगितलं.

आपल्यासारख्या साध्या ग्राहकासाठी यातली एकच गोष्ट महत्त्वाची. ती सवलत रजिस्ट्रारला आहे, आपल्याला नाही. नाव परत केल्यावर पैसे द्यायचे की नाहीत, हे रजिस्ट्रारच्या अटींवर ठरतं, आणि अनेक ठिकाणी ते मिळतच नाहीत. पैसे भरण्याआधी त्या अटी वाचा.

पण ती मुदत फुकट मिळाली असती, तरी मी तिच्यावर विसंबलो नसतो. पाच दिवसांचा आकडा किती फसवतो, हे मी पैसे घालवून शिकलो आहे.

माझ्या सुरुवातीच्या काळात मुदत संपून सुटलेलं दोन शब्दांचं एक नाव मी घेतलं. सर्व्हरवर एक कोरं पान ठेवलं, सुरक्षित जोडणीसाठी लागणारं सर्टिफिकेट लावलं आणि लॉग, म्हणजे कोणी काय मागितलं याची सर्व्हरने ठेवलेली नोंद, उघडून बसलो. रात्रभरात शेकडो ओळी आल्या. आनंदाच्या भरात त्याच धाटणीची आणखी अकरा नावं त्याच आठवड्यात घेतली. चौथ्या दिवशी मात्र लॉग एकेक ओळ करून वाचला. जवळपास प्रत्येक ओळ एकतर वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरचं लॉगिन पान मागत होती, नाहीतर 'डॉट ईएनव्ही' नावाची, पासवर्ड ठेवायची फाइल. माझ्या पानावर वर्डप्रेस कधी नव्हतंच. सर्टिफिकेट दिलं गेलं की त्याची नोंद सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सीच्या सार्वजनिक नोंदवहीत होते, आणि त्या नोंदवहीवर डोळा ठेवून असलेले प्रोग्रॅम काही मिनिटांतच दार ठोठावायला येतात. मला जी गर्दी वाटत होती ती सगळी यंत्रांची होती. ती बारा नावं मी वर्षाअखेर सोडून दिली.

तेव्हापासून मी एक गोष्ट न चुकता करतो, आणि नवीन माणसाला पहिली तीच सांगतो. एक निरर्थक नाव घ्या, कोणाच्या बोटांतून कधी टाइप होणार नाही अशा अक्षरांचं आणि आधी कधीच नोंदलं न गेलेलं. त्याच सर्व्हरवर, तसंच पान, तसंच सर्टिफिकेट, त्याच दिवशी लावा. मी त्याला 'कोरं नाव' म्हणतो. त्याच्यावर जितक्या हिट्स येतील तितका नुसता कचरा समजायचा. ज्या नावाची परीक्षा चालली आहे त्याचा आकडा कोऱ्या नावाच्या आकड्याच्या आसपासच घुटमळत असेल, तर तिथं माणूस नाही. वर्षाला एका नावाचा खर्च होतो, पण अकरा नावांचा वाचतो.

आता लॉग कसा वाचायचा ते सांगतो. माणूस ब्राउझरमधून येतो तेव्हा एकच ओळ उमटत नाही. आधी पान मागितलं जातं, लगोलग स्टाइलची फाइल, चित्रं, वर टॅबमध्ये दिसणारं छोटं आयकॉन. ओळींचा असा झुबका एकाच पत्त्यावरून दोन-तीन सेकंदांत येतो. म्हणून परीक्षेच्या पानावर एक लहानसं चित्र आणि दोन ओळींची स्क्रिप्ट जरूर ठेवा. साधे बॉट, म्हणजे आपोआप फिरणारे प्रोग्रॅम, पान उचलतात आणि निघून जातात. मग आयपी पत्ता बघा. तो घरगुती किंवा मोबाइल इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा आहे की एखाद्या डेटा सेंटरचा? डेटा सेंटरमधून आलेली 'माणसं' मी बाजूला काढतो. व्हीपीएनने आपला खरा पत्ता झाकणारे काही खरे लोक त्यात निघून जातात, पण मोजमाप थोडं कमी आलेलं परवडतं.

कुठून आला हे सांगणाऱ्या रेफररच्या रकान्याबद्दल नवीन लोकांचा एक पक्का गैरसमज असतो. रेफरर रिकामा म्हणजे माणसाने पत्ता स्वतः टाइप केला, असं नाही. ईमेलमधली लिंक, मोबाइल ॲप, कुठल्यातरी पीडीएफमधली लिंक, सगळीकडून रिकामा रकाना येऊ शकतो. शिवाय आजकालचे ब्राउझर दुसऱ्या साइटवरून येताना नेहमीच्या सेटिंगमध्ये फक्त त्या साइटचं नाव पाठवतात, नेमकं पान नाही. मी रेफररपेक्षा मागितलेल्या पानाकडे जास्त बघतो. आधी कधीच वापरात नसलेल्या नावाच्या मुखपृष्ठावर थेट येणारा माणूस बहुधा टाइप करून आलेला. जुन्या साइटच्या आतल्या एखाद्या लेखाचा लांबलचक पत्ता मागणारा कुठल्यातरी जुन्या लिंकवरून आलेला. हा दुसरा ट्रॅफिक ओसरत जातो, कारण लिंक देणारे आपली पानं दुरुस्त करतात आणि सर्च इंजिनं जुनी पानं काढून टाकतात. जुन्या नावावर भलताच मजकूर चढवून सर्चमधली त्याची जागा वापरू पाहणं गुगलने मार्च २०२४ पासून उघडपणे स्पॅम धोरणात धरलं आहे, त्यामुळे त्या भरवशावरही कोणी राहू नये.

म्हणून पाच दिवस पुरत नाहीत. मी किमान चार आठवडे बघतो. माणसांना वार असतात. कामाचे दिवस आणि सुट्टीचे दिवस यांत फरक पडतो, रात्री आकडा खाली येतो. यंत्रांचा आलेख चोवीस तास एकसारखा सपाट असतो किंवा एकदम उसळून शून्यावर येतो.

दोन फसवे प्रकार वेगळे सांगायला हवेत. एक, जुन्या सॉफ्टवेअरचे सांगाडे. एखादं विसरलेलं ॲप दर काही मिनिटांनी त्याच नावाकडे अपडेट विचारत राहतं. आकडा प्रचंड असतो, पण समोर बघणारा कोणीच नसतो. दोन, डीएनएसचे, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेचे, आकडे. हा पत्ता सांगणाऱ्या नेमसर्व्हरवर किती विचारणा झाल्या यावरून काहीजण ट्रॅफिक सांगतात. पण मधले रिझॉल्व्हर, म्हणजे लोकांच्या वतीने पत्ता विचारणारे सर्व्हर, उत्तर टीटीएल नावाच्या ठरावीक मुदतीपर्यंत साठवून ठेवतात, म्हणजे एका विचारणेमागे एक माणूस असेल किंवा हजार. आणि विचारणा मुख्यतः एमएक्स रेकॉर्डच्या, म्हणजे ईमेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचं हे सांगणाऱ्या नोंदीच्या, असतील, तर ती ईमेलची वर्दळ आहे. ईमेलवरून एक कळकळीची विनंती: जुन्या नावावर येणारी सगळी पत्रं उचलणारी सेटिंग परीक्षेसाठी कधीही लावू नका. त्यात आधीच्या मालकाच्या ग्राहकांची खाजगी पत्रं येतात, आणि ती वाचायचा आपल्याला काहीही हक्क नाही.

विक्रेत्याकडून नाव घेताना स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवू नका. ॲनालिटिक्स, म्हणजे साइटवर येणाऱ्यांचे आकडे दाखवणारी सेवा, फक्त बघण्यापुरतं उघडून मागा. त्याहून चांगलं म्हणजे, दोन आठवडे ते नाव तुमच्या पानाकडे वळवून द्यायला सांगा. खरा विक्रेता यावर विचार करतो, अटी घालतो, कधी थोडं भाडं मागतो. ते रास्तच आहे. मोठी रक्कम असेल तर भाड्याने घेऊन नंतर विकत घेण्याचा करार आणि मधे एस्क्रो, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणारा तिसरा पक्ष, हाच मार्ग मला पटतो. विकत आणलेला ट्रॅफिक ओळखू येतो. सगळे एकाच देशातून, एकाच ब्राउझरच्या एकाच आवृत्तीवरून, पानावर सारखाच वेळ थांबणारे.

आणि हे सगळं करण्याआधी दोन शोध घ्या. वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहात नावाचा इतिहास बघा, आणि ट्रेडमार्क तपासा. एखाद्या ब्रँडच्या चुकीच्या स्पेलिंगवर ट्रॅफिक हमखास दिसतो, पण तो त्या ब्रँडचा असतो. १९९९ पासून लागू असलेल्या यूडीआरपी या डोमेन-तंट्यांच्या प्रक्रियेत तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव त्याच्या ट्रेडमार्कसारखं आहे, तुमचा त्यावर रास्त संबंध नाही, आणि ते वाईट हेतूने नोंदवून वापरलं. चुकीच्या स्पेलिंगवर जाहिराती लावून केलेली तुमची 'परीक्षा' हाच तिसऱ्या मुद्द्याचा पुरावा ठरू शकतो. अशी नावं मी तपासायलाही घेत नाही.

त्या बारा नावांनंतर वर्षभराने एक साधंसं नाव पाहण्यात आलं, आणि विक्रेत्याने ते परीक्षेसाठी माझ्या पानाकडे वळवून दिलं. कोऱ्या नावाचा कचरा वजा केल्यावर दिवसाला आठ-नऊ माणसं उरत होती, सुट्टीच्या दिवशी सोळा-सतरा. सगळे एकच जुनं पान मागत होते. वेबॅक मशीनवर पाहिलं तर तिथं तंतुवाद्यांच्या तारांच्या जाडीचा एक तक्ता होता. पाच आठवडे आकडा हलला नाही, तेव्हा विक्रेत्याशी किमतीचं बोलणं सुरू केलं. नाव हातात आल्यावर त्याच पत्त्यावर तारांच्या जाडीचा नवा तक्ता स्वतः तयार करून ठेवला. ती माणसं अजून येतात, आणि सुट्टीच्या दिवशी अजूनही दुपटीने.