पोर्टलवर माल ठेवायचा की काढायचा? आधी एका जोडाचा हिशेब मांडा

कोल्हापुरी चपला मी सहा वर्षं ऑनलाइन विकतेय. माल सुभाषनगरातल्या कारागिरांकडून येतो. विक्रेते पोर्टल का सोडतात म्हटलं की सगळे कमिशनकडे बोट दाखवतात. पण कमिशन आधी कळतं, ते धरून भाव लावता येतो. मन उडतं ते न सांगता कापलेल्या पैशाने आणि तक्रारीला आलेल्या छापील उत्तराने. म्हणून आपला हिशेब आपणच ठेवायचा.

महिन्याची बेरीज नको, एक जोड घ्या. माझी चप्पल १,२०० ला गेली. कमिशन १८०, ठरावीक फी २५, कुरिअर ७५, म्हणजे २८०. त्यावर १८ टक्के जीएसटी ५० रुपये ४० पैसे. करापोटी आणखी सातेक रुपये. खात्यात आले ८६३. कारागिराचे ६५० आणि खोक्याचे ३० वजा केले की उरतात १८३. तो जोड परत आला, तर उलट्या कुरिअरचे जीएसटीसकट १५३ माझ्याच माथी.

पोर्टलने आपल्या नावाने कापून सरकारकडे भरलेले करापोटीचे ते सात रुपये सोडू नका. त्यात दोन कपाती असतात. जीएसटीचा टीसीएस १० जुलै २०२४ पासून ०.५ टक्के आहे, आयकराचा टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्के. टीसीएस जीएसटीच्या साइटवर स्वीकारला की तिथल्या आपल्या रोख खात्यात, म्हणजे कॅश लेजरला, जमा होतो. टीडीएस आयकराच्या साइटवर आपल्या नावच्या करकपातीच्या पत्रकात दिसतो. जीएसटीची नियमित नोंदणी असेल तर फीवरच्या जीएसटीचं क्रेडिटही, म्हणजे आपण भरायच्या जीएसटीतून वजावट, घ्या.

मग खोकं मोजा. कुरिअरवाले बहुधा लांबी, रुंदी, उंचीचा सेंटीमीटरमधला गुणाकार करून ५,००० ने भागतात आणि खऱ्या वजनापेक्षा ते जास्त भरलं तर तेच धरतात. माझं जुनं खोकं ३२ × २० × १२ होतं, म्हणजे दीड किलोच्या वर. आत चप्पल पाऊण किलोची! ३० × १४ × १० चं केलं, वजन ०.८४ वर आलं. खोकं टेपसकट काट्यावर ठेवून फोटो काढा. वजनाचा वाद निघाला की तोच कामी येतो.

सगळ्यात जास्त जपायचं ते परत आलेल्या मालाला. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात माझी एक कापशी, म्हणजे कोल्हापुरीचाच एक नमुना, परत आली. तळ भिजून फुगलेला, वेणीत चिखल, अंगठा सैल. शिवणाऱ्या मावशींना ती दाखवताना मला बोलवेना. पोर्टलला चार फोटो पाठवले. दोन ओळी आल्या, ‘पुरावा अपुरा’. त्या दिवसापासून परतीचं एकही खोकं मी कॅमेऱ्याशिवाय उघडत नाही. आधी लेबल, मग न फाडलेली टेप चारी बाजूंनी, मग कापणं, मग दोन्ही तळ, सगळं एका दमात, मध्ये न थांबता. पाठवतानाही टाचेच्या आतल्या बाजूला ऑर्डरचे शेवटचे चार आकडे बॉलपेनने लिहा. जोड बदलून आला तर लगेच कळतं.

हा सगळा हिशेब तीन महिने, प्रत्येक नमुन्याचं वेगळं पान करून लिहा. परतीचा खर्च वजा जाऊनही पैसे उरतात तो नमुना ठेवा, बाकीचे काढा. पोर्टल ग्राहकाचा नंबर देत नाही आणि खोक्यात आपला नंबर टाकणं बहुतेक ठिकाणी नियमात बसत नाही. पण तळावर आपल्या नावाचा ठसा मारता येतो. तो वाचून शोधत आलेली गिऱ्हाइकं आता माझ्याकडून थेट घेतात. पायाचा कागदावर काढलेला आकार आधी पाठवतात, त्यामुळे मापाची परती जवळजवळ थांबलीय.

पोर्टलवर माझे आता दोनच साधे नमुने आहेत. कापशी तिथे ठेवत नाही.