जुन्या फोनवर लिनिएजओएस: आधी ड्रायव्हर, मग रॉम

सोलापूरच्या नवी पेठेत जुना फोन दाखवला की समोरून एक्स्चेंजचा भाव येतो. कंपनीचे अपडेट थांबले म्हणून फोन लगेच भंगारात काढायचं कारण नाही. त्यावर लिनिएजओएससारखी कस्टम रॉम, म्हणजे कंपनीच्या ऐवजी दुसऱ्यांनी बनवलेली अँड्रॉइड, चढवता येते. बहुतेकांचं घोडं अडतं ते ड्रायव्हरपाशी, म्हणजे उपकरणाची ओळख पटवून देणाऱ्या सॉफ्टवेअरपाशी.

पहिली पायरी कोडनेमची, म्हणजे मॉडेलच्या आतल्या नावाची. रेडमी नोट ७ म्हणजे 'लॅव्हेंडर', नोट ७ प्रो म्हणजे 'व्हायोलेट'. नावात एका 'प्रो'चा फरक, पण आतली चिपच वेगळी. एकाची रॉम दुसऱ्याला चालत नाही.

मग बॅकअप. रॉम टाकण्याआधी बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्राम) अनलॉक करावा लागतो आणि तसं करताना फोन पूर्ण पुसला जातो, लग्नाच्या फोटोंसकट. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा आणि मग दिसणाऱ्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ओईएम अनलॉकिंग, यूएसबी डीबगिंग चालू करा. अनलॉकचे पुढचे नियम कंपनीगणिक बदलतात.

आता विंडोज. फोन चालू असताना एडीबीला (कॉम्प्युटरवरून फोनला हुकूम देणाऱ्या साधनाला) दिसतो आणि फास्टबूटमध्ये, म्हणजे बूटलोडरच्या मोडमध्ये, नेला की गायब होतो! कारण विंडोजच्या लेखी ही दोन वेगळी उपकरणं आहेत. फोन फास्टबूटमध्येच ठेवून डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळ्या त्रिकोणावर राइट क्लिक करून गूगलचा यूएसबी ड्रायव्हर हाताने निवडा: 'अँड्रॉइड बूटलोडर इंटरफेस'. तरी दिसेना? केबल बदला. रस्त्यावरच्या स्वस्त केबली पुष्कळदा फक्त चार्जिंगच्या असतात. माझी एक अख्खी दुपार अशाच केबलने खाल्ली.

रिकव्हरी (रॉम चढवण्यासाठीची छोटी वेगळी सिस्टिम) टाका, डेटा फॉरमॅट करा, रॉम साइडलोड करा, म्हणजे केबलने कॉम्प्युटरवरून पाठवा. कॉम्प्युटरवरचा आकडा ४७ टक्क्यांवर थांबला तर घाबरून केबल उपटू नका. काम झालेलं असू शकतं, फोनच्या स्क्रीनवर बघा. गूगलची ॲप्स हवी असतील तर पहिल्यांदा फोन सुरू करण्याआधीच टाका. आणि हे सकाळी करा. मे महिन्यातल्या सोलापुरी दुपारी फोन नुसता ठेवला तरी तापतो.

फोनमधले ड्रायव्हर हा वेगळाच मामला. कर्नलचा, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचा, कोड खुला असतो, पण कॅमेरा, मोडेम, फिंगरप्रिंट यांच्या फाइली चिप कंपनीच्या, बंदिस्त. म्हणून रॉमच्या पानावर सांगितलेलं फर्मवेअरच (हार्डवेअर चालवणारं कंपनीचं सॉफ्टवेअर) आधी हवं. नाहीतर कॅमेरा काळा दिसतो किंवा सिम सापडत नाही.

फोन सुरू झाला की पहिला कॉल लावून बघा. जिओचं सिम असेल तर हे विसरूच नका: व्होल्टी (४जी नेटवर्कवरून होणारे कॉल) चाललं नाही, तर नेट असूनही साधा फोन लागणार नाही. बँकेची ॲप्सही उघडून बघा, काही नकार देतात.