व्हर्शची स्टोरेज-यादी रनबुकमध्ये लिहिताना या चुका टाळा

केव्हीएम (लिनक्सवर आभासी मशीन चालवणारी यंत्रणा) सर्व्हरच्या रनबुकमध्ये, म्हणजे अडचणीत काय करायचं याच्या लेखी सूचनांमध्ये, स्टोरेजबद्दल अनेकदा एकच ओळ सापडते: ‘पूल पाहायला व्हर्श पूल-लिस्ट, व्हॉल्यूम पाहायला व्हॉल-लिस्ट.’ पूल म्हणजे मशीनच्या डिस्क ठेवायची जागा, व्हॉल्यूम म्हणजे त्यातली एकेक डिस्क. ओळ बरोबर आहे. पण रात्री दोन वाजता यादी कोरी आली, तर ड्युटीवरच्या माणसाने त्यातून काय समजायचं, हे तिच्यात कुठेच नाही. हे आदेश त्या क्षणी डिस्क चाळत नाहीत. लिबव्हर्टने (मशीन आणि स्टोरेज सांभाळणारी सेवा; व्हर्श हे तिला आदेश द्यायचं साधन) मागे कधीतरी पाहून ठेवलेलं सांगतात. रनबुक लिहिणारा हे विसरला की पुढचे घोळ सुरू होतात.

कोरी यादी

आधी जोडणी तपासायची. साध्या युजरने व्हर्श चालवलं तर ते सहसा त्याच्या स्वतःच्या सेशनला जोडतं, आणि मशीन तर सगळी सिस्टिमकडे (सर्व्हरच्या सामाईक जोडणीकडे) असतात. एरर काही येत नाही, नुसतं मथळ्याखाली पांढरं. म्हणून रनबुकमधल्या प्रत्येक आदेशात ‘क्यूमू:///सिस्टिम’ हा पत्ता लिहूनच टाका. नुसती यादी पाहायची असेल तिथे रीडओन्ली पर्यायही जोडा. जुन्या आदेशांच्या हिस्टरीत वरखाली करताना चुकून डिलीटचा आदेश आलाच तर लिबव्हर्ट तो नाकारेल.

दुसरं, पूल-लिस्ट फक्त चालू पूल दाखवतं. ऑल हा पर्याय दिला तरच बंद असलेले दिसतात. ऑटोस्टार्टच्या रकान्यात ‘नो’ असलेला पूल रीबूटनंतर बंदच राहतो. पूल-स्टार्टने तो उठवा आणि पूल-ऑटोस्टार्टने कायमचा लावून टाका. यात एक गंमत आहे: मशीनच्या एक्सएमएलमध्ये (त्याच्या व्याख्येच्या फाइलमध्ये) डिस्क फाइलच्या पाथने दिली असेल, तर पूल बंद असूनही मशीन व्यवस्थित चालतं. त्यामुळे ‘मशीन चालू आहे म्हणजे पूलही चालू असणार’ हा अंदाज रनबुकमध्ये नको.

तिसरं कारण सगळ्यात फसवं. समजा ‘/डेटा/व्हीएम’ या फोल्डरवर २ टीबीची वेगळी डिस्क माउंट होते (जोडली जाते) आणि त्यावर डिरेक्टरी प्रकारचा पूल आहे. रीबूटनंतर माउंट फसलं तरी रिकामा फोल्डर जागेवर असतोच. लिबव्हर्ट त्यावर पूल सुखाने चालू करतं. पूल-लिस्ट ‘ॲक्टिव्ह’ म्हणतं, व्हॉल-लिस्टमध्ये एकही नाव नाही, आणि पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. खूण पूल-इन्फोमध्ये असते: कपॅसिटी सुमारे १.८ टीआयबीऐवजी (टीआयबी, जीआयबी १०२४च्या पटीत मोजतात, म्हणून २ टीबी इथे १.८ दिसतं) रूट पार्टिशनएवढी, समजा ५० जीआयबी. म्हणून रनबुकमध्ये प्रत्येक पूलच्या नावापुढे त्याची अपेक्षित कपॅसिटी लिहून ठेवा. एका नजरेत निदान होतं. या अवस्थेत नवीन व्हॉल्यूम मुळीच बनवू नका. ती रूटवर जाते आणि डिस्क माउंट झाली की तिच्याखाली झाकली जाते.

दुरुस्ती: पूल-डिस्ट्रॉय, मग माउंट, मग पूल-स्टार्ट. पूल-डिस्ट्रॉय हे नाव वाचून लोक दचकतात, पण ते पूल फक्त बंद करतं, फाइलींना हात लावत नाही. पूल-अनडिफाइन त्याची नोंद काढतं. खरी भीती पूल-डिलीटची. ते मूळ स्टोरेजच पुसायला निघतं. हा फरक आदेशाशेजारीच लिहा, परिशिष्टात नको.

फाइल आहे, यादीत नाही

इमेजेसच्या फोल्डरमध्ये कोणी सीपीने (कॉपी करून) फाइल टाकली किंवा बाहेरचा (वेगळ्या फाइलीतला) स्नॅपशॉट घेतल्यावर पुढचे बदल साठवणारी नवी ओव्हरले फाइल तयार झाली, तर पूल-रिफ्रेश होईपर्यंत व्हॉल-लिस्टला तिचा पत्ता नसतो. उलटही होतं: आरएमने उडवलेली फाइल यादीत तशीच राहते. तेव्हा ‘आधी रिफ्रेश, मग यादी’ हा क्रम पाळा. मात्र रीडओन्ली जोडणीवर रिफ्रेश चालत नाही, त्यामुळे या पायरीला वेगळा आदेश द्यावा लागतो.

आकडे

डिटेल्स पर्याय दिला की व्हॉल-लिस्टमध्ये कपॅसिटी आणि ॲलोकेशन असे दोन रकाने येतात. कपॅसिटी ४० जीआयबी आणि ॲलोकेशन ६ जीआयबी म्हणजे मशीनला ४०ची डिस्क दिसते, सर्व्हरवर सध्या ६च खर्च झालेत. ‘साइझ’ हा एकच शब्द वापरून दोन्हीची खिचडी करू नका.

डिरेक्टरी पूलचे आकडे फाइलसिस्टिमचे असतात, त्यातल्या व्हॉल्यूमच्या बेरजेचे नव्हेत. एकाच पार्टिशनवर दोन पूल असतील तर दोघेही तीच मोकळी जागा दाखवतात. बेरीज करून अहवाल पाठवला की जागा कागदावर दुप्पट झालीच. शिवाय व्हॉल्यूम बनवताना ‘२०जी’ म्हणजे २० जीआयबी, पण ‘२०जीबी’ म्हणजे २० अब्ज बाइट. आणि एककच दिलं नाही तर नुसते २० बाइट.

जागा खरोखर संपली तर मशीन सहसा पॉझ होतं. मशीनची अवस्था सांगणाऱ्या डॉमस्टेटला रीझन पर्याय द्या. ‘आय-ओ एरर’ दिसेल. डॉमब्लॉकएररने कोणती डिस्क ते कळतं. आधी जागा मोकळी करा, मग रिझ्यूम. उलट क्रमाने केलं तर मशीन पुन्हा तिथेच अडकतं.

यादी पाहून डिलीट

व्हॉल-लिस्ट कोणती व्हॉल्यूम कोणाची हे सांगत नाही, आणि व्हॉल-डिलीट डिरेक्टरी पूलमध्ये ते विचारतही नाही. आधी प्रत्येक मशीनचं डॉमब्लॉकलिस्ट (त्याच्या डिस्कची यादी) पाहा, बंद मशीनसकट. तेवढंही पुरत नाही. क्यूकाऊ-टू (डिस्क फाइलचा एक प्रकार) ओव्हरले खालच्या बेस फाइलवर टेकलेली असते. बेसचं नाव साध्या डॉमब्लॉकलिस्टमध्ये येत नाही, पण ती उडवली तर वरचं सगळं निकामी. क्यूमू-इमेज इन्फोला बॅकिंग-चेन पर्याय देऊन पूर्ण साखळी बघा. मशीन चालू असेल तर इथे लॉकची एरर येते (क्यूमू २.१० पासून), फोर्स-शेअर पर्यायाने ती टळते.

स्क्रिप्टसाठी

लिबव्हर्टच्या भाषांतरांत मराठीही आहे. सर्व्हरचं लोकेल (भाषेची सेटिंग) बदललं की ‘ॲक्टिव्ह’ शोधणाऱ्या ग्रेपला काहीच सापडत नाही, म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच एलसी-ऑल हे व्हेरिएबल ‘सी’ (मूळ इंग्रजी) ठेवा. फक्त पूलची नावं हवी असतील तर रकाने कापत बसू नका. पूल-लिस्टचा नेम पर्याय एका ओळीत एक नाव देतो.