पावसाळ्यातला कासदाह: सडात ट्यूब सोडण्याआधी दुधाचा नमुना घ्या

जुलै ते सप्टेंबर गोठा नीट वाळत नाही. शेणमुताच्या ओलीत गाय बसते, धार काढून झाल्यावर उघडी राहिलेली सडाची छिद्रे त्याच घाणीला टेकतात आणि कासदाह, म्हणजे दगडी, वाढते. या दिवसांत एक तक्रार हमखास येते: सडात सोडायच्या प्रतिजैविकाच्या (अँटिबायोटिकच्या) ज्या ट्यूबने गेल्या वर्षी गाय बरी झाली, ती यंदा लागू पडत नाही. औषध बोगस असेलच असे नाही. बऱ्याचदा कासेतले जिवाणूच त्या प्रतिजैविकाला दाद देत नाहीत.

ही वेळ आपणच आणतो. दुधातल्या गाठी दोन दिवसांत गेल्या की तिसरी ट्यूब कपाटात जाते. एकच ट्यूब दोन सडांत अर्धी अर्धी सोडली जाते. नाहीतर शेजाऱ्याच्या गाईला गुण आलेले इंजेक्शन दुकानातून आणून टोचले जाते. अपुऱ्या मात्रेत कमजोर जिवाणू मरतात, चिवट उरतात आणि पुढे त्यांचीच वाढ होते. त्यातले काही आपला हा गुण दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनाही देतात.

सर्वात डोकेदुखीचा जिवाणू स्टॅफिलोकोकस ऑरियस. त्याचे अनेक प्रकार पेनिसिलिन तोडणारे विकर (एन्झाइम) तयार करतात. शिवाय तो कासेत बारीक गळवे करून आणि पेशींच्या आत लपून बसतो, तिथे औषध पुरेसे पोचत नाही. म्हणून प्रयोगशाळेच्या अहवालात औषध लागू आहे असे आले, तरी जुनाट झालेली, हाताला कडक लागणारी कास बरी होईलच याची खात्री देता येत नाही. अशा गाईवर ट्यूबमागून ट्यूब खर्च करण्यापेक्षा तिला वेगळी बांधा, तिची धार सर्वात शेवटी काढा आणि वारंवार दगडी होत असेल तर कळपातून कमी करण्याचा विचार करा.

नमुना पहिल्या औषधाच्या आधीच घ्यायचा. औषध दिल्यानंतर घेतलेल्या नमुन्यात बऱ्याचदा जिवाणू वाढत नाहीत आणि अहवाल फुकट जातो. सड धुऊन पूर्ण कोरडा करा. पहिल्या तीन-चार धारा वेगळ्या भांड्यात काढून टाका. 70 टक्के अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने सडाचे टोक पुसा. कापूस काळा होत असेल तर नवा घ्या, स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहा. निर्जंतुक बाटली आडवी धरून 5 ते 10 मिली दूध घ्या. बाटली उभी धरली की कासेवरचे केस आणि धूळ आत पडते. झाकण खाली ठेवू नका, हातातच उपडे धरा. गाईचा क्रमांक, सड आणि तारीख लिहून बाटली बर्फात ठेवा व 24 तासांच्या आत पोचवा. पुण्यात औंधचा रोग अन्वेषण विभाग, शिरवळ (सातारा) आणि परळ (मुंबई) इथली पशुवैद्यकीय महाविद्यालये, किंवा तालुक्याच्या पशुवैद्यकांमार्फत जवळची प्रयोगशाळा. कोणते औषध लागू पडेल हे सांगणाऱ्या प्रतिजैविक संवेदनशीलता चाचणीला साधारण दोन-तीन दिवस लागतात.

तोवर काय? गाईला ताप आहे, ती खात नाही, दूध पिवळसर पाण्यासारखे येते, गाय बसून राहते, असे असेल तर थांबू नका. ती तातडीची केस आहे. नमुना काढून लगेच पशुवैद्यकांना बोलवा. गाय खातेपिते आहे आणि दुधात फक्त गाठी आहेत, तर तो सड दिवसातून चार-पाच वेळा पूर्ण रिकामा करा आणि सूज व वेदनेचे औषध डॉक्टरांकडून घ्या. कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम आणि चुना 15 ग्रॅम यांचा वाटून केलेला लाल लेपही पाण्यात पातळ करून दिवसातून आठ-दहा वेळा लावता येतो. सौम्य केसमध्ये हा लेप वापरायला हरकत नाही, पण तापलेल्या गाईला त्याच्यावर सोडू नका. ई. कोलाय या जिवाणूच्या सौम्य संसर्गात गाय अनेकदा प्रतिजैविकाशिवायही सावरते.

औषध सुरू केले की ठरलेला कोर्स पूर्ण करायचा, आणि दूध चारही सडांचे बाजूला काढायचे. ट्यूब एकाच सडात सोडली तरी औषध रक्तातून बाकीच्या सडांत उतरते. लेबलवर दूध न विकण्याचा कालावधी दिलेला असतो. तो नसेल तर नियमाप्रमाणे शेवटच्या मात्रेनंतर किमान 7 दिवस. उकळल्याने प्रतिरोधक, म्हणजे औषधाला दाद न देणारे, जिवाणूही मरतात, पण औषधाचा अंश बराचसा तसाच राहतो. संकलन केंद्रावर एका गाईच्या दुधाने अख्खा टँकर नाकारला जाऊ शकतो. अशा दुधाचे दहीही अनेकदा नीट लागत नाही. हे दूध वासरालाही पाजू नका, कारण त्याच्या आतड्यात प्रतिरोधक जिवाणू वाढतात. ते नाल्यात किंवा शेणखतात न ओतता खड्डा करून पुरा.

रोजच्या कामात तीन गोष्टी सोडू नका. पहिल्या धारा काळ्या ताटलीत बघा. प्रत्येक गाईला वेगळे कापड वापरा. धार संपताच सड 0.5 टक्के आयोडीनच्या द्रावणात बुडवा. त्यानंतर गव्हाणीत वैरण टाकून गाय अर्धा-पाऊण तास उभी ठेवा. तोवर छिद्र मिटते. अंगठा मुडपून धार काढू नका, सडाला आतून जखम होते.

गाय आटवताना सरसकट सर्वांना भाकडकाळाची प्रतिजैविक ट्यूब सोडण्याची पद्धतही बदलायला हवी. युरोपीय संघात असा नेमाने प्रतिबंधक वापर 28 जानेवारी 2022 पासून बंद आहे. आटवण्याआधी प्रत्येक सडाची सीएमटी (कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट, कासदाहाची गोठ्यातच होणारी चाचणी) करा: पॅडलमध्ये, म्हणजे चाचणीच्या कप्प्यांच्या ताटलीत, दूध आणि चाचणीचे द्रावण समान घेऊन ती 10-15 सेकंद गोल फिरवा. घट्ट चिकट जेल झाले त्या गाईसाठी ट्यूबबद्दल डॉक्टरांशी बोला. निरोगी गाईला फक्त सड बंद करणारे सीलंट पुरते. ट्यूबची नळी सडात तीन-चार मिलीमीटरच घाला, पूर्ण आत घातली तर बाहेरची घाण थेट कासेत जाते.