पॅकेज बांधताना या चुका टाळा: कॉन्फिग फाइल कुणाची आणि आधी सुरू कोण?

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक जोरात होती. एका आडतीवर वजन नोंदवणारं आमचं सॉफ्टवेअर डेबियनवर, म्हणजे एका प्रकारच्या लिनक्सवर चालतं. ते आम्ही पॅकेज म्हणून, म्हणजे इन्स्टॉल करायच्या गठ्ठ्याच्या रूपात पाठवतो. रात्री अपडेट चढवलं आणि सकाळी पहिला टेम्पो काट्यावर उभा राहिला, तर स्क्रीनवर वजनच येईना. तिथल्या काट्यासाठी कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फाइलमध्ये बॉड रेट, म्हणजे काट्याकडून डेटा येण्याचा वेग, ९६०० केलेला होता. पॅकेज बसवताना चालणाऱ्या माझ्या पोस्टइन्स्ट स्क्रिप्टमधल्या एका कॉपी कमांडने ती फाइल पुसून आमची मूळची फाइल बसवली होती. कारण सापडेपर्यंत बाहेर टेम्पोंची रांग लागली.

तेव्हापासून एक गोष्ट पक्की धरली आहे. इटीसी या सेटिंग्जच्या फोल्डरमधली फाइल आपण पाठवतो, पण एकदा बसली की ती तिथल्या माणसाची.

डेबहेल्पर हे पॅकेज बांधायचं साधन वापरलं की इटीसीतल्या फाइली आपोआप कॉन्फफाइल, म्हणजे ग्राहकाचे बदल जपायच्या फाइली, म्हणून नोंदल्या जातात. फक्त आपण बदल केला असेल तर अपग्रेडच्या वेळी डीपीकेजी (पॅकेज बसवणारा प्रोग्राम) नवी फाइल बसवतं, आणि फक्त ग्राहकाने केला असेल तर त्याचीच ठेवतं. दोघांनीही केला असेल तर विचारतं. नुसतं एंटर दाबलं तरी जुनी फाइल शाबूत राहते. इतकी चांगली सोय असताना त्याच फाइलला स्क्रिप्टमधून सेड (मजकूर बदलणारी कमांड) लावू नका. ज्याने फाइल उघडूनही पाहिली नाही, त्याला मग ‘तुम्ही बदल केलेत, काय करू?’ असा प्रश्न येतो आणि तो घाबरून फोन करतो. फाइल एकतर कॉन्फफाइल असू द्या, नाहीतर स्क्रिप्टने तयार केलेली. दोन्ही नको.

फाइल डिलीट करून पॅकेज पुन्हा टाकलं तर ती परत येईल, हाही गैरसमज आहे. डीपीकेजी ते डिलीट करणंही ग्राहकाचाच निर्णय मानतं. फाइल परत हवी असेल तर डीपीकेजीला फोर्स-कॉन्फमिस हा पर्याय द्यावा लागतो. आरपीएम, म्हणजे रेड हॅटसारख्या लिनक्सचं पॅकेज बांधत असाल, तर ग्राहकाची बदललेली फाइल शाबूत राहावी म्हणून कॉन्फिगसोबत नोरिप्लेस लिहायला विसरू नका.

आता दुसरं दुखणं. आडतीवरून फोन यायचा, ‘सर, लाइट आली, पण काटा बोलंना झालाय.’ हाताने सर्व्हिस सुरू केली की चालायची, मशीन बूट झालं की नाही. पॅकेजच्या डिपेंड्समध्ये (सोबत लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत) पोस्टग्रेस हा डेटाबेस लिहिला होता, पण त्याने तो फक्त इन्स्टॉल होतो. सुरू आधी कोण होणार, हे सर्व्हिसची युनिट फाइल ठरवते. तिथे मी रिक्वायर्स (‘हे लागतंच’) लिहिलं आणि आफ्टर (‘त्याच्यानंतर सुरू हो’) विसरलो. नुसत्या रिक्वायर्सने सिस्टमडी, म्हणजे सर्व्हिसेस सुरू करणारा प्रोग्राम, दोघांना एकदमच सुरू करतं.

आफ्टर घालूनही डेबियनवर एक मेख उरते. तिथलं पोस्टग्रेसचं मुख्य युनिट नावापुरतं असतं, खरा डेटाबेस क्लस्टरच्या (डेटाबेसच्या संचाच्या) वेगळ्या युनिटमध्ये चालतो. तो पडला तरी मुख्य युनिट हिरवंच दिसतं. म्हणून आमच्या युनिटमध्ये रिस्टार्ट ऑन-फेल्युअर (बिघडून बंद पडली की पुन्हा सुरू) ठेवलं, आणि रिस्टार्टसेक ५, म्हणजे मध्ये ५ सेकंद थांबायचं. हा आकडा महत्त्वाचा आहे. मूळ सेटिंगमध्ये सिस्टमडी १०० मिलिसेकंदांत पुन्हा प्रयत्न करतं आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून झालं की नाद सोडतं. डेटाबेस उठेपर्यंत आपली सर्व्हिस मेलेली असते.

आता कुठलंही पॅकेज मोंढ्यावर पाठवण्याआधी मी चाचणीच्या मशीनचा प्लग काढतो, पुन्हा लावतो आणि कीबोर्डला हात न लावता पहिलं वजन येण्याची वाट बघतो.