जर्मनीत फक्त इंग्लिशवर जॉब शोधताय? मग या चुका टाळा

जर्मनीत इंग्लिशवर भागतं का, हे ज्याला त्याला विचारायचंय. बर्लिन-म्युनिकच्या सॉफ्टवेअर टीममध्ये भागतं, रिसर्चमध्ये बऱ्यापैकी भागतं, बाकी ठिकाणी अवघड आहे. खाली लिहिलेल्या बऱ्याच चुका हे नीट मनावर न घेतल्यामुळेच होतात.

सगळ्यात मोठा घोळ चान्सनकार्टचा, म्हणजे जर्मनीत जाऊन नोकरी शोधायच्या परवानगीचा. जून 2024 मध्ये हे कार्ड सुरू झालं, त्यात इंग्लिश बी2 किंवा जर्मन ए1 चालतं (भाषेच्या पातळ्या ए1 पासून सी2 पर्यंत चढत जातात), वय, अनुभव, भाषा असे मिळून 6 पॉइंट झाले की अर्ज करता येतो, आणि 6 झाले रे झाले की लोक डायरेक्ट तिकिटाचे रेट बघायला लागतात. अहो, इंग्लिशवर कार्ड मिळतं, जॉब नाही! 2025 च्या हिशोबाने महिन्याला 1,091 युरो दाखवायचे, म्हणजे वर्षाचे 13,092 युरो ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, अडकवायचे, तिथे गेल्यावर आठवड्याला 20 तासच पार्टटाइम काम करता येतं, आणि वर्षभरात नीट नोकरी लागली नाही तर परत. माझं स्पष्ट मत, तुम्ही आयटीत असाल तर आधी इथूनच अप्लाय करा, इंटरव्ह्यू तसेही व्हिडिओवर होतात, ऑफर आली तर ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्या कुशल लोकांच्या वर्क परमिटवर जा. चान्सनकार्ट त्यांच्या कामाचं ज्यांना समोर बसून भेटावंच लागतं, आणि त्यांना तर जर्मन हवीच. म्हणजे गंमतच आहे.

मेकॅनिकलवाल्यांनी तर हे दोनदा वाचा. स्टुटगार्टच्या आसपास गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपन्या आहेत, काम तुमच्या ओळखीचं आहे, पण शॉपफ्लोअरवर मीटिंग जर्मनमध्ये, ड्रॉइंगवरच्या नोट्स जर्मनमध्ये, सप्लायरचा फोनही जर्मनमध्ये. जाहिरात इंग्लिशमध्ये दिसते म्हणून लोक धडाधड अप्लाय करतात आणि शेवटच्या ओळीत जर्मन सी1 मागितलंय ते वाचतच नाहीत. शंभर अर्ज टाकले, एकालाही रिप्लाय नाही, अशी रड असेल तर आधी त्या जाहिरातींच्या शेवटच्या चार ओळी परत वाचा. नर्सिंगवाल्यांना तर इलाजच नाही, सर्टिफिकेटला जर्मनीत मान्यता घ्यावी लागते आणि साधारण बी2 लागतंच. पुण्या-मुंबईत मॅक्समुल्लर भवन आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, व्हिसाची वाट बघत बसण्यापेक्षा क्लास लावा. ब्लू कार्डवर कायमची राहायची परवानगी ए1 वर 27 महिन्यांनी मागता येते, बी1 असेल तर 21 महिन्यांनी, म्हणजे क्लासची फी वाया जात नाही.

डिग्रीचं काय? परदेशी डिग्रीला जर्मनीत मान्यता आहे का हे दाखवणाऱ्या अनाबिन नावाच्या डेटाबेसमध्ये लोक आपल्या कॉलेजचं नाव टाकतात, सापडत नाही आणि घाबरतात. ज्यांनी डिग्री दिली ती युनिव्हर्सिटी शोधायची, म्हणजे मुंबई, सावित्रीबाई फुले पुणे, शिवाजी वगैरे. तिच्यापुढे एच प्लस (H+), म्हणजे मान्यता असल्याची खूण हवी, आणि तुमच्या डिग्रीची नोंदही वेगळी बघायची. नोंद नसेल तर झेडएबीकडून (परदेशी डिग्री तपासणारं जर्मन सरकारी ऑफिस) स्टेटमेंट मागवावं लागतं, त्याला वेळ लागतो, ऑफर हातात आल्यावर पळापळ नको. आयटीत डिग्री नसली तरी गेल्या 7 वर्षांत 3 वर्षांचा योग्य अनुभव असेल तर ब्लू कार्डचा रस्ता आहे, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

आता सीव्ही. पाच पानं, वर ऑब्जेक्टिव्ह, मध्ये वडिलांचं नाव आणि पासपोर्ट नंबर, खाली 'आय हियरबाय डिक्लेअर' आणि सही, हा आपला कॅम्पसवाला नमुना तसाच पाठवू नका. दोन पानं, ताजी नोकरी वर, प्रत्येक नोकरीचा महिना-वर्ष, भाषेपुढे 'गुड' नाही तर ए2, बी1 असं. मध्ये गॅप असेल तर एका ओळीत कारण लिहून टाका, लपवलं की जास्त दिसतं.

पगार विचारला की इथलं पॅकेज गुणिले काहीतरी करून सांगू नका. तिकडे वर्षाचा ब्रुटो, म्हणजे टॅक्स वगैरे कापायच्या आधीचा आकडा बोलतात. एकट्या माणसाचे 50,000 ब्रुटो असतील तर टॅक्स, इन्शुरन्स, पेन्शन कापून हातात महिन्याला साधारण 2,600-2,700 युरो पडतात, म्युनिकमध्ये त्यातलं घरभाडं किती खाईल ते आधी बघा. आणि कमी सांगून गळ टाकायलाही जाऊ नका, ब्लू कार्डला 2025 मध्ये वर्षाला किमान 48,300 युरो पगाराची लिमिट होती, आयटी आणि टंचाईच्या कामांना 43,759.80, हा आकडा दरवर्षी बदलतो, त्याच्या खाली ऑफर आली तर ब्लू कार्ड बसतच नाही.

'भाषा लागत नाही, वेअरहाउसमध्ये जॉब पक्का, फक्त चार लाख द्या' असं सांगणारा भेटला तर सरळ उठा. परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटला ईमायग्रेट या भारत सरकारच्या पोर्टलवर नोंदणी लागते, तिथे नाव तपासा, आणि नोंदणीकृत एजंटलाही 30,000 रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. पावती देत नसेल तर पैसे देऊ नका, ऑफर लेटर दाखवलं तरी कंपनीच्या वेबसाइटवरचा पत्ता शोधून तिथे स्वतः मेल टाकून विचारा.

जॉब लागल्यावरची एकच गोष्ट, पहिले सहा महिने बहुतेक प्रोबेशनचे असतात आणि त्यात दोन आठवड्यांच्या नोटिसवर काढू शकतात, तेव्हा तोवर इकडचा फ्लॅट विकायची आणि पोरांच्या शाळेचा दाखला काढायची घाई करू नका.