लॉकसाठी एक्सपी: डीटीपीचा जुना संसार नव्या यंत्रावर कसा मांडावा

कऱ्हाडला माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं मांडायचं, दुकान आहे. १९९९ पासून लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, जत्रेची हँडबिलं हेच काम. सगळं पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये आणि युनिकोडच्या (सगळ्या यंत्रांवर एकसारखी चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या) आधीच्या मराठी फॉन्टांत बसवलेलं. त्या फॉन्टांत 'क' दिसतो तिथे फाइलच्या आत एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह असतं. फॉन्ट आहे तोवर ते मराठी. फॉन्ट गेला की पानभर नुसती चिन्हं. आणि माझं लिपीचं सॉफ्टवेअर चालतं ते पीसीच्या पाठीमागे पॅरलल पोर्टला (जुन्या प्रिंटरच्या रुंद खाचेला) दोन स्क्रूंनी आवळलेल्या लॉकवर, म्हणजे सॉफ्टवेअर विकत घेतल्याची खूण म्हणून येणाऱ्या छोट्या डबीवर. लॉक नाही तर लिपी नाही. आणि हे सगळं चालतं ते विंडोज एक्सपीवर.

दोन वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईत तो पीसी बसला. कॅबिनेट उघडलं तर प्रोसेसरशेजारचे चार कपॅसिटर डोक्यावर फुगलेले, एकातून तपकिरी चिकट द्रव ओघळून बोर्डावर वाळलेला. त्या आठवड्यात अकरा पत्रिका द्यायच्या होत्या. शेजारच्या प्रेसमधल्या दादांनी रात्री त्यांचा पीसी वापरायला दिला म्हणून वेळ निभावली. पुढचा महिनाभर मी जे शिकले ते इथे लिहिते आहे, कारण असं लॉक सांभाळून बसलेली दुकानं अजून बरीच आहेत.

'सगळं युनिकोडमध्ये करून टाका' हा सल्ला मला रोज मिळतो. नवं काम मी युनिकोडमध्येच करते. पण वीस वर्षांच्या फाइली कन्व्हर्टरमधून काढल्या तेव्हा माझ्या गावाचं नावच मोडलं. 'कऱ्हाड'चं 'कर्हाड' झालं, 'वऱ्हाडी'चं 'वर्हाडी' झालं. एक अहवाल हाताने दुरुस्त करायला दीड दिवस गेला. म्हणून मूळ फाइल मूळ फॉन्टात उघडणारं एक यंत्र दुकानात हवंच.

आधी लॉक हातात घेऊन बघा

संगणकाच्या दुकानात जायच्या आधी हे ठरवा, पुढचं सगळं यावरच अवलंबून आहे. तुमचं सॉफ्टवेअर लॉकशिवाय चालत असेल किंवा लॉक यूएसबीचं असेल, तर आजचा कुठलाही नवा पीसी घ्या आणि एक्सपी त्याच्या पोटात, व्हर्च्युअल मशीनमध्ये (प्रोग्रॅमने संगणकाच्या आत उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकात) टाका. लॉक पंचवीस पिनांचं असेल तर तो रस्ता सोडा आणि जुना बोर्ड शोधा.

यूएसबीला लावायची पॅरलल केबल बाजारात मिळते, मीही घेतली. तिने लॉक ओळखलं जात नाही. ती केबल संगणकाला सांगते की इथे एक प्रिंटर आहे, बस. लॉकचं सॉफ्टवेअर मात्र पोर्टच्या पत्त्यावर, म्हणजे ३७८ वर, थेट जाऊन पिना चाचपतं. तो पत्ता त्या केबलमध्ये नसतोच. पॅरलल पोर्टचं वेगळं कार्ड बसवलं तर पोर्ट खरा मिळतो, पण त्याचा पत्ता बहुतेक वेळा भलताच येतो आणि जुनं सॉफ्टवेअर तिथे बघत नाही. बोर्डावरच जन्माला आलेला पोर्ट हवा.

पंचवीस पिनांचं लॉक असेल तर

एच६१ चिपसेटचा (बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपचा) बोर्ड शोधा. हा २०११ साली आला, इंटेलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर घेतो आणि जुन्या मालाच्या दुकानात अजून मिळतो. या कामाला तो बरा पडतो. त्याच्यावरचे यूएसबी पोर्ट चिपसेटमधूनच २.० चे आहेत, ते एक्सपीला समजतात. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या अंगच्या ग्राफिक्सला एक्सपीचा ड्रायव्हर आहे, चौथ्या पिढीपासून तो नाही. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगांत, सॅटा डिस्क जुन्या आयडीई पद्धतीने चालवायची सोय आहे. आणि बऱ्याच बोर्डांवर पॅरलल पोर्ट पाठीमागे किंवा निदान पिनांच्या रांगेच्या रूपात असतो. पिनांची रांग असेल तर ब्रॅकेटची केबल मागून घ्या. त्याच कंपनीच्या बोर्डाची असेल तर उत्तम, कारण पिनांची मांडणी सगळ्यांची सारखी नसते.

याहून नवा बोर्ड कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. २०१५ च्या सहाव्या पिढीपासून इंटेलच्या चिपसेटमधून यूएसबी २.० चा जुना कंट्रोलरच गेला. एक्सपी तर सोडाच, विंडोज ७ ची सीडी लावली तरी सेटअपच्या पडद्यावर कीबोर्ड आणि माउस मेलेले असतात. त्याहून नव्या बऱ्याच बोर्डांत जुन्या पद्धतीने बूट होण्याची सोयच नाही, आणि ३२ बिटची एक्सपी यूईएफआय या नव्या बूट पद्धतीवरून उठत नाही. हौशी लोकांनी बदललेले ड्रायव्हर फिरतात, त्यांनी काहींची यंत्रं चालतातही. गिऱ्हाइकाची पत्रिका ज्या यंत्रावर आहे त्यावर मी ते टाकणार नाही.

बोर्ड आला की आधी त्यावरची गोल बॅटरी बदला, २०३२ नंबरची. मग बायोसमध्ये तीन गोष्टी करा. सॅटा मोड 'एएचसीआय' असतो तो 'आयडीई' करा. हे राहिलं तर सेटअप निळ्या पडद्यावर थांबतो आणि स्टॉप कोडच्या शेवटी ७बी दिसतं. एक्सपी २००१ ची आहे, तिच्या सीडीत एएचसीआयचा ड्रायव्हर नाही, म्हणून तिला डिस्कच दिसत नाही. कित्येक जण इथे डिस्क खराब समजून बदलतात. दुसरं, पॅरलल पोर्टचा पत्ता ३७८ आणि आयआरक्यू ७ ठेवा. तिसरं, त्याच पोर्टचा मोड. माझं लॉक 'ईसीपी'वर दिसतच नव्हतं, 'नॉर्मल' केल्यावर लगेच दिसलं. बायोस आवृत्तीप्रमाणे तिथे 'एसपीपी' असंही लिहिलेलं असतं.

सीडी सर्व्हिस पॅक ३ ची वापरा. अगदी पहिल्या एक्सपीच्या सीडीला १३७ जीबीच्या पुढची डिस्क कळत नाही. जवळ जुनीच सीडी असेल तर एनलाइट नावाच्या प्रोग्रॅमने तिच्यात सर्व्हिस पॅक ३ मिसळून नवी सीडी बनवता येते. डीव्हीडी ड्राइव्ह आतला, सॅटाचा लावा. बाहेरून यूएसबीला लावलेल्या ड्राइव्हवर सेटअप पहिल्या रीस्टार्टनंतर अडकतो, माझा दोनदा अडकला.

डिस्क म्हणून मी २४० जीबीची एसएसडी घातली. इथे एक काम एक्सपीवर सोपवू नका. एक्सपी पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करते. आजच्या एसएसडीला ते आडवं बसतं, प्रत्येक लिखाण दोन कप्प्यांवर सांडतं आणि वेग मरतो. म्हणून आधी लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून जीपार्टेड हा डिस्कचे भाग पाडायचा प्रोग्रॅम उघडा, पार्टिशन टेबल 'एमएसडॉस' ठेवा, सुरुवातीला १ एमबी मोकळा सोडून एनटीएफएस पार्टिशन बनवा. मग एक्सपीच्या सेटअपमध्ये तेच पार्टिशन निवडा. तिथे फॉर्मॅट मारला तरी चालेल, पार्टिशन डिलीट मात्र करू नका. एक्सपीला ट्रिम, म्हणजे पुसलेली जागा मोकळी झाल्याचं एसएसडीला कळवणं, येत नाही, म्हणून एसएसडीचा पाचवा हिस्सा मी कोरा ठेवला आहे. रॅम ४ जीबीपेक्षा जास्त घालण्यात अर्थ नाही, त्यातलीही सव्वातीनच्या आसपासच दिसते.

सेटअपमध्ये कधी निळ्या पडद्यावर ए५ येतं आणि बायोस एसीपीआय या वीज-नियंत्रणाच्या पद्धतीला धरून नाही अशी तक्रार दिसते. तसं झालं तर सेटअप पुन्हा सुरू करा, खाली एफ६ विचारलं जातं त्याच क्षणी एफ७ दाबा. एसीपीआय बंद होऊन गाडी पुढे जाते.

मग ड्रायव्हर. आधी चिपसेटचा, मग ग्राफिक्सचा. लॅनचा टाकूच नका. त्यानंतर लॉकचा ड्रायव्हर, मग पीसी पूर्ण बंद करून लॉक आवळा. पॅरलल लॉक चालू पीसीवर काढू-घालू नये, पोर्ट जळतो. सगळ्यात शेवटी पेजमेकर आणि फॉन्ट.

यूएसबी लॉक असेल किंवा लॉकच नसेल तर

हे काम सोपं आहे. नव्या पीसीच्या बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू करा, व्हर्च्युअल मशीन चालवणारा व्हर्च्युअल बॉक्स टाका, नवीन मशीन बनवताना 'विंडोज एक्सपी ३२ बिट' निवडा. १ जीबी रॅम, एकच कोअर, २० जीबीची डिस्क पेजमेकरला पुरते. डिस्कचा कंट्रोलर इथेही आयडीईच ठेवा, नाहीतर इथेही तोच ७बी भेटतो. आत एक्सपी बसली की गेस्ट ॲडिशन्स टाका म्हणजे पडदा मोठा होतो आणि नव्या पीसीवरचा एखादा फोल्डर आत दिसू लागतो.

लॉकचा ड्रायव्हर आतल्या एक्सपीत टाका, आणि लॉक लावायच्या आधी टाका. मग लॉक लावून व्हर्च्युअल मशीनच्या यूएसबीच्या यादीत त्याचा फिल्टर जोडा. फिल्टर नसेल तर दर वेळी बाहेरची विंडोज लॉक आधी पकडून बसते.

जुन्या पीसीची अख्खी डिस्क उचलून व्हर्च्युअल मशीनमध्ये टाकायचा मोह होतो. जुना पीसी अजून चालत असेल तर ते जमतं: त्याच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयडीई कंट्रोलरचा ड्रायव्हर बदलून 'स्टँडर्ड ड्युअल चॅनल' करा आणि लगेच बंद करून डिस्कची प्रत घ्या. पीसी मेल्यावर हे करता येत नाही. मला तरी कोरी एक्सपी टाकून फाइली आणि फॉन्ट आणणं कमी त्रासाचं वाटलं. तेव्हा कोऱ्या एक्सपीला ॲक्टिव्हेशन लागेल हे लक्षात ठेवा. कंपनीने पीसीबरोबर दिलेलं ओईएम लायसन्स त्या पीसीपुरतंच असतं, सुटा बॉक्स घेतलेला असेल तर तो दुसरीकडे नेता येतो.

डॉसमधला जुना हिशेबाचा प्रोग्रॅम कुणाचा असेल तर त्याला एक्सपीही नको, नव्या पीसीवर जुना डॉस उभा करणारं डॉसबॉक्स पुरतं. ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचे प्रोग्रॅम उठतच नाहीत, म्हणून तो थेट चालवायला जाऊ नका.

इंटरनेट आणि छपाई

एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस पसरला तो फाइल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीतल्या फटीतूनच. त्यानंतरच्या विंडोज १० मध्ये ती जुनी पद्धत मुळात बंद येते, त्यामुळे एक्सपी आणि नवा पीसी लॅनवर एकमेकांना दिसत नाहीत. नेटवर सांगतात की ती पुन्हा चालू करा. कृपा करून करू नका. एक्सपीच्या यंत्राला माझ्याकडे केबलच नाही, व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क अडॅप्टरही बंद आहे. फाइली एका ठरलेल्या पेनड्राइव्हने जातात, तो आधी नव्या पीसीवर स्कॅन होतो.

आता प्रेसवाले प्लेटसाठी पीडीएफच मागतात. एक्सपीत कुठल्याही पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरचा ड्रायव्हर टाका, पोर्ट 'फाइल' ठेवा, प्रिंटर प्रत्यक्षात असायची गरज नाही. पेजमेकरमधून प्रिंट देताना फॉन्ट सोबत पाठवायची निवड करा. पीएस फाइल तयार होते. ती नव्या पीसीवर घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रॅममधून काढली की पीडीएफ मिळते, आणि तिच्यात फॉन्ट रुतलेले असल्याने ती कुठेही मराठीच दिसते. माझ्या जुन्या फाइलींपैकी जी उघडते तिची पीडीएफ मी त्याच वेळी करून ठेवते.

सगळं नीट चालू लागलं त्या दिवशीच, गिऱ्हाइकाचं काम हातात घ्यायच्या आधी, डिस्कची पूर्ण प्रत घ्या. एच६१च्या यंत्राची मी क्लोनझिला या प्रत काढायच्या प्रोग्रॅमने घेतली, व्हर्च्युअल मशीनची तर डिस्कची एकच फाइल उचलायची असते. एक प्रत दुकानात, एक घरी. लॉकची मात्र प्रत होत नाही. माझं लॉक खंडेनवमीला पूजेत असतं, एरवी पीसीच्या पाठीमागे, आणि कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलेलं, म्हणजे झाडताना त्याला धक्का लागत नाही.

शेवटची चाचणी. एका कोऱ्या पानावर मी एक ओळ टाइप करून ठेवली आहे: 'वऱ्हाडी मंडळी श्रद्धेने कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयनेच्या दर्शनाला गेली.' नवं यंत्र लागलं, ड्रायव्हर बदलला, प्रिंटर बदलला की ती ओळ छापायची, पीडीएफमध्येही काढायची, आणि डोळ्यांजवळ धरून बघायची. 'ऱ्हा'चा अर्धा र जागेवर हवा, 'श्र' आणि 'द्ध' फुटलेले नकोत, 'र्श'चा रफार 'श'च्या डोक्यावरच हवा, 'ष्ण'मध्ये फट नको. तीन वेळा बरोबर आली की मगच पहिली पत्रिका उघडायची.